गेम झकास चालतो, रेकॉर्डिंग मात्र अडखळतं: पुन्हा पुन्हा येणाऱ्या दोषाचा माग

“मामा, परत तेच झालंय.”

गेल्या दीड वर्षात भाच्याचा हा फोन मला सहा वेळा तरी आला. तो नाशिकच्या सिडकोत राहतो, डिप्लोमाला आहे, आणि अभ्यास उरकला की घरच्या कॉम्प्युटरवर गेम खेळत, मराठीतून बोलत व्हिडिओ बनवतो. बोलतो फार छान. पण घोडं दर वेळी एकाच ठिकाणी पेंड खायचं. खेळताना स्क्रीनवर सगळं सुरळीत, ना धक्का ना थांबणं. रेकॉर्ड झालेली फाइल लावली की चित्र खडीच्या रस्त्यावरून गेल्यासारखं हिसके देत चालतं. आवाज नीट, चित्र अडखळतं. मी इंदिरानगरहून जायचो, एखादी सेटिंग बदलायचो, दोन-तीन आठवडे बरं चालायचं, आणि मग परत फोन.

मी अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तिथे एखादं मशीन वारंवार एकच लक्षण दाखवून थांबायला लागलं की आम्ही पहिला प्रश्न विचारतो: बिघाड खरंच एकच आहे का? घरच्या कॉम्प्युटरबाबत हा प्रश्न मला चौथ्या फोननंतर सुचला. तेव्हा कळलं की ज्याला आम्ही ‘परत आलेला दोष’ म्हणत होतो, तो दर वेळी नवाच होता. लक्षण तेच, कारण वेगळं. म्हणूनच एकदा लागू पडलेला उपाय पुढच्या वेळी चालत नव्हता. ज्यांच्या घरी हेच चाललंय त्यांच्यासाठी आमचा सगळा शोध इथे लिहून ठेवतोय.

आधी कॉम्प्युटर काय आहे ते सांगतो. इंटेलचा आय-5 10400एफ प्रोसेसर, जीटीएक्स 1650 ग्राफिक्स कार्ड, सुरुवातीला 8 जीबी रॅम, विंडोजसाठी 256 जीबीचा एसएसडी, साठवणीला 1 टीबीची साधी हार्ड डिस्क, आणि 75 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 75 वेळा चित्र बदलणारा मॉनिटर. विंडोज 11. रेकॉर्डिंग ओबीएस स्टुडिओवर. ते फुकट आहे, खुलं आहे, आणि आपल्याला लागणारे आकडे तेच दाखवतं.

आधी आकडा, मग हात

ओबीएसमध्ये ‘स्टॅट्स’ नावाची छोटी खिडकी आहे. व्ह्यू किंवा डॉक्स मेनूत सापडते. तीन फोन होईपर्यंत आम्ही ती उघडलीच नव्हती. ती उघडल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नका.

त्यातले दोन आकडे मुख्य. एक, ‘रेंडरिंग लॅग’मुळे हुकलेल्या फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली एकेक चित्रं. दुसरा, ‘एन्कोडिंग लॅग’मुळे गाळलेल्या फ्रेम. हे दोन्ही वेगळे का, ते समजायला रेकॉर्डिंगचा प्रवास बघावा लागतो. गेमचं चित्र ग्राफिक्स कार्ड काढतं. मग ओबीएस त्याच कार्डाला सांगतं, ‘आता माझंही एक काम कर: गेमचं चित्र, कोपऱ्यातला कॅमेरा, नावाची पट्टी, हे सगळं एकत्र जुळवून एक फ्रेम दे.’ हे झालं रेंडरिंग. ती तयार फ्रेम पुढे एन्कोडरकडे जाते. तो तिला दाबून लहान करतो. मग ती डिस्कवर लिहिली जाते. सेकंदाला 60 फ्रेमचं रेकॉर्डिंग असेल तर एका फ्रेमला सगळे मिळून 16.67 मिलिसेकंद मिळतात. कार्डाने ओबीएसला वेळेत फ्रेम जुळवून दिली नाही तर पहिला आकडा चढतो. फ्रेम मिळाली, पण दाबणाऱ्याला वेळ पुरला नाही, तर दुसरा.

गेम सुरू ठेवा, रेकॉर्डिंग चालू करा, स्टॅट्समधलं ‘रीसेट’ दाबा आणि पाच मिनिटं नेहमीसारखं खेळा. गेममधली सगळ्यात गजबजलेली जागा निवडा, नुसतं मेनूत थांबू नका. मग दोन्ही आकडे टक्केवारीसकट वहीत लिहा. वही म्हणजे खरोखर वही. भाच्याने दोनशे पानी वहीची मागची पानं याला दिली आहेत आणि आम्हाला सर्वांत जास्त उपयोग तिचाच झाला.

एका वेळी एकच गोष्ट बदला. हे सांगायला सोपं, पाळायला अवघड, कारण इंटरनेटवर ‘या दहा सेटिंग करा’ असं सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. दहाही केल्या आणि बरं वाटलं, तर कशाने बरं वाटलं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी परत दहा करायच्या.

पहिलं कारण: प्रोसेसरवर दुहेरी ओझं

पहिल्या वेळी एन्कोडिंगचा आकडा चढलेला असणार, हे आता ओबीएसने ठेवलेला जुना लॉग, म्हणजे कामाची नोंद, बघून सांगता येतं. ओबीएस एन्कोडिंगसाठी एक्स264 वापरत होतं, म्हणजे दाबण्याचं सगळं काम प्रोसेसरवर. वर भाच्याने कुठल्याशा सल्ल्यावरून त्याचा प्रीसेट ‘व्हेरीफास्ट’वरून ‘स्लो’वर नेला होता, ‘क्वालिटी वाढते’ म्हणून. वाढते, हे खरं. पण स्लो प्रीसेट प्रत्येक फ्रेमवर जास्त विचार करतो. सहा कोअरचा प्रोसेसर गेमही चालवणार आणि तो विचारही करणार, हे जमत नाही. ओबीएसच्या तळाशी ‘एन्कोडिंग ओव्हरलोडेड’ असा इशारा येत होता. गेम पूर्ण स्क्रीनवर असल्यामुळे तो कोणी पाहिलाच नाही.

उपाय: सेटिंग्ज, आउटपुटमध्ये एन्कोडर बदलून एन्व्हिडियाचा एन्व्हेन्क निवडला. हा ग्राफिक्स कार्डातला वेगळा भाग आहे, त्याला फक्त व्हिडिओ दाबायचंच काम येतं. त्यामुळे गेम चित्र काढत असताना तो बाजूला आपलं काम करत राहतो. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये क्विक सिंक आणि एएमडीच्या कार्डात त्यांचा स्वतःचा एन्कोडर असतो. तोही चालतो.

इथे जुनं सामान घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट जरा थांबून सांगतो, कारण नाशकात बरीच मुलं सेकंडहँड कार्ड घेऊनच सुरुवात करतात. एन्व्हिडियाच्या जीटी 1030 या कार्डात एन्व्हेन्क नाही. आणि ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ आहे, त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही, म्हणून क्विक सिंकही नाही. एफ प्रोसेसर आणि जीटी 1030 ही जोडी घेतली तर एक्स264 शिवाय पर्याय उरत नाही. दुकानदार ‘गेम चालतील का’ याचं उत्तर देईल. ‘रेकॉर्ड होईल का’ हे आपणच विचारायला हवं. 1650 मध्ये एन्व्हेन्क आहे, पण साध्या 1650 मध्ये तो आधीच्या पिढीचा आहे. 1650 सुपरमध्ये नवा आला. घरच्या रेकॉर्डिंगला जुनाही पुरतो, फक्त क्वालिटीसाठी बिटरेट, म्हणजे सेकंदाला लिहिला जाणारा डेटा, थोडा जास्त द्यावा लागतो.

एन्व्हेन्क लावल्यावरही एन्कोडिंगचा आकडा चढत असेल तर त्यातले ‘लुक अहेड’ आणि ‘सायको व्हिज्युअल ट्यूनिंग’ बंद करून बघा. हे दोन्ही कार्डाचा मुख्य भाग वापरतात, तोच ज्याच्यावर गेम चालतोय. प्रीसेट पी1 पासून पी7 पर्यंत असतात. आकडा जितका मोठा, तितकं काम जास्त. आम्ही पी4 वर आहोत.

दुसरं कारण: कार्डाला श्वास घ्यायला जागा नाही

एन्व्हेन्कवर तीन आठवडे छान गेले. मग भाच्याने एक जड रेसिंग गेम आणला आणि पुन्हा फोन. मला वाटलं एन्व्हेन्कच कमी पडतोय. ही माझी चूक. त्या दिवशी आम्ही एन्कोडरच्या सेटिंगमध्ये पूर्ण दुपार घालवली आणि फरक शून्य पडला. पुढे स्टॅट्स पाहिलं तेव्हा एन्कोडिंग लॅग 0 टक्के आणि रेंडरिंग लॅग 11 टक्क्यांच्या पुढे होता.

हे कारण सर्वांत जास्त आढळतं आणि सर्वांत कमी ओळखलं जातं. गेमवर फ्रेमची मर्यादा नसेल तर तो कार्ड 99 टक्के वापरतो, उरलंसुरलं सगळं ओरपतो. त्यातून गेमला सेकंदाला 85 फ्रेम मिळतात, खेळणाऱ्याला छान वाटतं. पण ओबीएसला फ्रेम जुळवायला कार्डाचा जो थोडा वेळ लागतो, तोसुद्धा शिल्लक राहत नाही. म्हणून डोळ्यांना गेम सुरळीत आणि फाइल तुटकी. ‘गेम तर छान चालतोय, मग कॉम्प्युटर कमी पडतोय असं कसं?’ हा प्रश्न भाच्याने दहा वेळा विचारला असेल. त्याचं उत्तर हेच: गेम छान चालतोय, म्हणूनच रेकॉर्डिंगला काही उरत नाही.

उपाय म्हणजे गेमला लगाम घालणं. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम मर्यादा 60 केली. ज्या गेममध्ये सोय नाही तिथे एन्व्हिडिया कंट्रोल पॅनलमधून ‘मॅक्स फ्रेम रेट’ लावता येतो. टास्क मॅनेजरमध्ये कार्डाचा वापर 80-85 टक्क्यांच्या आत आला की समजा जागा झाली. मर्यादा लावूनही 97-98 टक्के दिसत असेल तर गेमची ग्राफिक्स खाली आणा. सावल्या आणि प्रतिबिंबं आधी कमी करा, ती सगळ्यात महाग पडतात आणि व्हिडिओत सगळ्यात कमी लक्षात येतात.

त्याचबरोबर ओबीएस ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. तसं उघडलं की त्याला विंडोजकडून कार्डाच्या वेळेत अग्रक्रम मागता येतो. आमच्याकडे नुसत्या एवढ्याने रेंडरिंग लॅग 11 वरून 3 वर आला, मर्यादा लावल्यावर 0. ओबीएसमधला प्रिव्ह्यू खेळताना बंद ठेवा: प्रिव्ह्यूवर उजवं बटण दाबून टिक काढायची. सीनमध्ये वेबपेज दाखवणारे ‘ब्राउझर सोर्स’ पडलेले असतील तर न लागणारे काढून टाका, तेही कार्डाचंच खातात.

आणि एक चोर आमच्याकडे वेगळाच सापडला. विंडोजच्या गेम बारमध्ये ‘जे घडलं ते रेकॉर्ड करा’ ही मागे चालणारी सोय चालू होती. म्हणजे ओबीएस एक रेकॉर्डिंग करत होतं आणि विंडोज गुपचूप दुसरं. ग्राफिक्स कार्डाच्या ओव्हरलेतला ‘इन्स्टंट रिप्ले’ही असाच असतो. एका वेळी रेकॉर्डिंग करणारा एकच ठेवा.

तिसरं कारण: दोन्ही आकडे शून्य, तरी चित्र हलतं

या वेळी मी खरोखर गोंधळलो. रेंडरिंग शून्य, एन्कोडिंग शून्य, कार्ड 70 टक्क्यांवर, आणि तरी रस्ता वळताना झाडं बारीक बारीक उड्या मारतात. मोठा हिसका नाही, सततची थरथर.

असं झालं तर आधी फाइलच बघा, कॉम्प्युटर नाही. फाइल व्हीएलसी या प्लेअरमध्ये लावा, जमलं तर दुसऱ्या मशीनवर लावा. भाच्याच्या व्हिडिओ एडिटरमध्येही ती अडखळत होती, पण एडिटरचं कारण निराळं असतं: दाबलेला व्हिडिओ पुढे-मागे करायला त्याला जड जातो. एडिटरमध्ये अडखळतं म्हणून रेकॉर्डिंग खराब, असं धरून चालू नका. प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी प्रत, बनवून काम केलं की तिथलं अडखळणं जातं.

आमची फाइल व्हीएलसीमध्येही थरथरत होती. कारण निघालं मॉनिटर. मॉनिटर 75 हर्ट्झचा, म्हणून भाच्याने गेमची मर्यादा 60 वरून 75 वर नेली होती. गेम सेकंदाला 75 चित्रं काढतो, ओबीएस त्यातली 60 उचलतं. म्हणजे दर पाचातलं एक चित्र वगळलं जातं. ओबीएसच्या लेखी काहीच चुकलेलं नाही, त्याला 60 हवी होती, 60 मिळाली. पण हालचालीत सेकंदाला पंधरा वेळा छोटी उडी पडते, आणि सरळ, सलग वळणाऱ्या दृश्यात ती डोळ्याला टोचते.

म्हणून गेमच्या फ्रेम आणि रेकॉर्डिंगच्या फ्रेम यांचा भाग पूर्ण जायला हवा: 60 ला 60, किंवा 120 ला 60, किंवा 60 ला 30. 75, 90, 100 अशा मधल्या आकड्यांनी थरथर येतेच. रेकॉर्डिंगच्या दिवशी मॉनिटरसुद्धा डिस्प्ले सेटिंगमधून 60 वर ठेवायचा, हे भाच्याने आता वहीच्या कव्हरवर लिहिलंय.

चौथं कारण: एप्रिल

एप्रिलमधला फोन जरा वेगळा होता. “मामा, पहिली वीस मिनिटं एकदम मस्त, मग बिघडतं.”

हे ‘किती मिनिटांनी’ फार मोलाचं आहे. पहिल्या मिनिटापासून अडखळत असेल तर दोष बहुतेक सेटिंगमध्ये. काही वेळाने सुरू होत असेल तर काहीतरी हळूहळू साचतंय: उष्णता, भरत चाललेली रॅम किंवा डिस्क.

भाच्याची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. नाशिक थंड हवेचं, असं बाहेरचे लोक म्हणतात. थंडीत ते खरंही आहे. पण एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि तापलेला स्लॅब रात्री नऊपर्यंत ऊब सोडत राहतो. कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली, भिंतीला चिकटून. मागून निघालेली गरम हवा तिथेच कोंडत होती.

एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून बघितलं. वीस मिनिटांत कार्ड 83 डिग्रीला जाऊन टेकत होतं आणि तिथून त्याचा वेग घसरत होता. कार्ड स्वतःला वाचवायला वेग कमी करतं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण परिणाम बघा: वेग घसरला की तोच गेम, त्याच 60 फ्रेमला, कार्डाचे 75 ऐवजी 98 टक्के खाऊ लागतो. आणि आपण परत दुसऱ्या कारणावर येऊन पोचतो, रेंडरिंग लॅग. आकडा तोच, मूळ वेगळं. सेटिंग कितीही बदलली असती तरी हे सुटलं नसतं.

डबा उघडला. समोरच्या जाळीवर धुळीचा नमदा बसला होता. बाजूला दोन इमारतींचं काम चालू आहे, ती सगळी सिमेंटची बारीक भुकटी. वीज काढून, डबा गॅलरीत नेऊन ब्लोअरने साफ केला. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळी सोडली तर ती नको तितक्या वेगाने फिरतात आणि बेअरिंग खराब होऊ शकतं. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती पुसून नवी लावली. डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. कार्ड 74 वर आलं आणि तिथेच राहिलं.

उष्णतेची शंका असेल तर सोपी परीक्षा आहे: डब्याचं बाजूचं झाकण काढा, टेबलफॅन आत वारा जाईल असा लावा, आणि तेवढाच वेळ रेकॉर्ड करा. फरक पडला तर उत्तर मिळालं. झाकण कायमचं काढून ठेवू नका, धूळ दुप्पट बसते. मेमध्ये आम्ही दुपारचं रेकॉर्डिंग बंदच केलं, सकाळी सात ते दहा ठेवलं. त्या वेळी घरातली मंडळी आवाजाची तक्रारही कमी करतात.

रॅमचं थोडक्यात: 8 जीबीत गेम, ओबीएस आणि ब्राउझरच्या वीस टॅब बसत नाहीत. रॅम भरली की विंडोज डिस्कचा आधार घेतं आणि सगळंच थबकतं. आणखी एक 8 जीबीची पट्टी टाकली. दोन पट्ट्यांमुळे मेमरी दुहेरी मार्गाने चालते, त्याचा फायदा वेगळा.

फाइलच हाती लागत नाही

हे अडखळण्यात मोडत नाही, पण नुकसान याचं सगळ्यात मोठं, म्हणून सांगायलाच हवं.

जूनच्या पहिल्या वादळी पावसात वीज एका क्षणासाठी गेली आणि आली. भाच्याचं 52 मिनिटांचं रेकॉर्डिंग चालू होतं. कॉम्प्युटर परत सुरू झाला तेव्हा साडेपंधरा जीबीची फाइल जागेवर होती, पण कुठल्याच प्लेअरमध्ये उघडेना. पोरगं रडकुंडीला आलं होतं, आणि मला त्याच्यापुढे काय बोलावं ते सुचेना.

कारण असं. साध्या एमपी4 फाइलची अनुक्रमणिका, म्हणजे कुठली फ्रेम कुठे आहे याची यादी, रेकॉर्डिंग थांबवताना शेवटी लिहिली जाते. मधेच वीज गेली तर सगळा व्हिडिओ आत असतो, पण यादी नसते. एमकेव्हीमध्ये असं होत नाही, जेवढं लिहिलं गेलं तेवढं वाचतं. म्हणून रेकॉर्डिंग फॉरमॅट एमकेव्ही ठेवा. एडिटरला एमपी4 हवी असेल तर फाइल मेनूतल्या ‘रीमक्स’ने काही सेकंदांत बदलता येते, क्वालिटी कणभरही जात नाही. ओबीएसच्या 30.2 पासून ‘हायब्रिड एमपी4’ आलंय, तेही वीज गेल्यास वाचतं. फुटलेली एमपी4 आधीच हातात असेल तर ‘अनट्रंक’ नावाचं साधन आहे. त्याच सेटिंगची एक चांगली फाइल नमुना म्हणून दिली की ते कधी कधी यादी परत बांधून देतं. आमची 40 मिनिटं तशी परत मिळाली.

घरी इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरच्या मागे एक खटका असतो, त्यावर ‘यूपीएस’ लिहिलेलं असतं. तो दुसऱ्या बाजूला असेल तर बदलाला इतका वेळ लागतो की पंखे चालत राहतात आणि कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो. खटका यूपीएसकडे करा, किंवा कॉम्प्युटरला वेगळा लहान यूपीएस लावा. रेकॉर्डिंग थांबवून नीट बंद करण्यापुरती दोन-चार मिनिटं मिळाली तरी पुरे.

दुसरा अनुभव भाच्याच्या मित्राचा, पंचवटीतला. त्याचं रेकॉर्डिंग दर वेळी चौदा-सव्वाचौदा मिनिटांनी आपोआप थांबायचं. वेळ जवळपास ठरलेली असेल तर समजा कुठलीतरी मर्यादा आडवी येतेय. तो जुन्या एक्स्टर्नल डिस्कवर रेकॉर्ड करत होता, आणि ती फॅट32 या फाइली मांडण्याच्या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेली. फॅट32 मध्ये एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही. हिशेब बघा: 40 मेगाबिट बिटरेट म्हणजे सेकंदाला 5 एमबी, मिनिटाला 300 एमबी, तासाला 18 जीबी. फॅट32 ची चार जीबी म्हणजे 1024 च्या हिशेबाने सुमारे 4,295 एमबी, ती भरायला सव्वाचौदा मिनिटंच लागतात. डेटा दुसरीकडे काढून डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केली, प्रश्न मिटला.

हा हिशेब डिस्क भरण्यासाठीही लक्षात ठेवा. 256 जीबीच्या एसएसडीवर विंडोज आणि दोन गेम बसले की उरलेल्यात चार-पाच तासही मावत नाहीत. आम्ही गेम एसएसडीवर आणि रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर ठेवलंय. सेकंदाला 5 एमबी लिहिणं हार्ड डिस्कला जड नाही. जड जातं ते त्याच डिस्कवरून त्याच वेळी गेमने काहीबाही वाचत राहणं.

आवाज आणि काळी स्क्रीन

ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे, आणि हे अंतर जसजसं रेकॉर्डिंग लांबतं तसं वाढतं: माइक, हेडफोन आणि ओबीएस यांचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा, वेगळा आहे का ते बघा. तिन्हीकडे 48 किलोहर्ट्झ करा. विंडोजमध्ये हे ध्वनीच्या जुन्या पॅनलमध्ये, उपकरणाच्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये असतं.

गेमचा आवाजच आला नाही: ओबीएसमध्ये ‘डेस्कटॉप ऑडिओ’ला ‘डीफॉल्ट’ न ठेवता उपकरणाचं नाव निवडा. हेडफोन काढला-लावला की डीफॉल्ट बदलतं. आणि ब्लूटूथ हेडफोनचा माइक वापरू नका. माइक चालू झाला की हेडफोनचा आवाजही फोनवरच्यासारखा चपटा होतो. तारेचा साधा माइक त्याहून कितीतरी बरा. माइकचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्या, म्हणजे आईने मधेच जेवायला हाक मारली तर तेवढाच कापता येतो.

लॅपटॉपवर रेकॉर्डिंग काळं येत असेल तर बहुतेक दोन ग्राफिक्सचा घोळ असतो. गेम मोठ्या कार्डावर आणि ओबीएस अंगभूतवर चालतं, दोघांची भेटच होत नाही. ‘गेम कॅप्चर’ वापरत असाल तर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएसलाही मोठ्या कार्डावर ठेवा. पूर्ण स्क्रीन पकडणारं ‘डिस्प्ले कॅप्चर’ वापरायचं असेल तर उलट, ज्या ग्राफिक्सला लॅपटॉपचा पडदा जोडलेला आहे त्यावर, म्हणजे बहुधा अंगभूतवर. शक्यतो गेम कॅप्चरच घ्या, ते हलकंही आहे.

आजची आमची मांडणी अशी आहे: 1080पी, 60 फ्रेम, एन्व्हेन्क एच.264, पी4, ठरावीक बिटरेटऐवजी ठरावीक क्वालिटी धरणारा सीक्यूपी 20, एमकेव्ही. सीक्यूपीमध्ये आकडा जितका लहान तितकी क्वालिटी जास्त आणि फाइल मोठी. यूट्यूब 1080पी 60 फ्रेमच्या अपलोडसाठी 12 मेगाबिट सुचवतं. आपलं मूळ रेकॉर्डिंग त्याहून बरंच जड असावं, कारण पुढे ते दोनदा दाबलं जाणार आहे, एकदा एडिटरमध्ये आणि एकदा अपलोडनंतर.

एवढं करूनही अडलं आणि कोणाला विचारायची वेळ आली, तर ‘व्हिडिओ लॅग होतोय, काय करू’ एवढंच विचारू नका. त्यावर कोणालाही नेमकं उत्तर देता येत नाही. हेल्प मेनूत ‘लॉग फाइल्स’ आहे. एक रेकॉर्डिंग पूर्ण करून थांबवा आणि मग तो लॉग उघडा. रेकॉर्डिंग थांबल्याच्या जागी, शेवटाकडच्या ओळींत, रेंडरिंगमुळे किती फ्रेम हुकल्या आणि एन्कोडिंगमुळे किती गळल्या हे टक्क्यांसह लिहिलेलं असतं. त्या ओळी, गेमचं नाव, कार्डाचं मॉडेल, मॉनिटरचे हर्ट्झ, आणि कितव्या मिनिटाला बिघडलं ते पाठवा. भाचा आता मला फोनवर आधी हेच वाचून दाखवतो. गेल्या महिन्यात त्याने रेंडरिंग 6 टक्के, एन्कोडिंग शून्य, पंचविसाव्या मिनिटापासून, कार्ड 82 डिग्री, एवढं सांगितलं आणि मी सिडकोला गेलोच नाही. जाळी काढून धुवायला सांगितली.